हिराआत्याचं बेणं

आई होती तोवर हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आई जाऊन आता वर्ष होईल. हिराआत्या तिच्याही आधी गेली. ज्या बिल्डिंगमध्ये हे घडलं ती पाडून तिथं बावीस मजली टॉवर झालाय, आणि त्याच्या अकराव्या मजल्यावर रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की मी पाय स्टुलावर टाकून बसते. बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी ठेवायची नाही असा सोसायटीचा नियम आहे. चावीबरोबर तो कागद हातात आला तेव्हा पहिली आठवण आत्याची झाली. म्हटलं, बरं झालं, हे वाचायला ती नाही.

हिराआत्या आमच्या नात्यातली नव्हती. आम्ही कोकणातले, ती जुन्नरकडची. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे आमची चार मजली बिल्डिंग होती, बिनलिफ्टची. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचं दार तिचं. कधीकाळी तिचा एक भाचा शिकायला येऊन राहिला होता, तो आत्या म्हणायचा म्हणून सगळी बिल्डिंग आत्या म्हणायला लागली. भाचा शिकून निघून गेला, हिची आत्या तेवढी झाली. नवरा मला कळायला लागायच्या आधीच वारलेला. मुलगा सुनील लग्न करून बदलापूरला राहायचा. पोळीभाजी केंद्रात तीस वर्षं पोळ्या लाटून तिचे खांदे पुढे झुकले होते. नुसती उभी असली तरी समोर ओटा असल्यासारखी दिसायची. दमलीस का, असं विचारलं तर म्हणायची, "दमायला निवांत बसावं लागतं गं. ते कधी करू?"

तिच्या घरात शिरलं की आधी लसणाच्या वेण्या दिसायच्या. पॅसेजमध्ये खिडकीच्या वर एक दांडी लावून घेतली होती, तिला चार-पाच वेण्या टांगलेल्या. लसूण काढला की पंधरा दिवस सावलीत पसरायचा, ऊन दाखवायचं नाही. मग पात सुकून वळायला मऊ झाली की जमिनीवर पाय पसरून बसायचं आणि तीन पदरी वेणी घालायची, मुलीच्या डोक्यावर घालतात तशी घट्ट. माझीही वेणी दहावीपर्यंत पुष्कळदा तिनंच घातली. आई सकाळी गडबडीत असायची. आत्याच्या हाताला लसणाचा वास यायचा आणि वर्गात मुली नाक मुरडायच्या, पण वेणी संध्याकाळपर्यंत सुटायची नाही.

लसूण ती गच्चीवर लावायची, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, मासळी बाजारातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत. कधी लावायचा याचं तिचं पंचांग तिच्या हातावर होतं. दिवाळी झाली की रोज पहाटे गॅलरीत येऊन उभी राहायची, पोलक्याची बाही वर सारायची आणि हात कठड्याबाहेर धरायची. अंगावर काटा आला की लसूण लावायचा. तिच्या गावाकडे नरकचतुर्दशीला उटणं लावतानाच तो यायचा म्हणे. बोरीवलीत दिवाळी सरून पंधरा-पंधरा दिवस जायचे. समोरच्या दारातून आईनं विचारायचं, "इलो काय हो काटो?" आणि हिनं मान हलवायची, "अजून नाही."

एवढं सगळं करून हा लसूण ती खायची मात्र नाही. फोडणीसाठी बाजारातून आणायची. वेण्यांतला गळालेला, डाग पडलेला एखादा तोंडात टाकेल तेवढंच. गच्चीवरची पात कोणीही कापून न्यावी. गड्डा मागितला की नकार. त्यात गंमत अशी की आमच्या इथल्या हवेत तिच्या लसणाला पाकळ्याच फुटायच्या नाहीत. गोटीएवढा एकच गोल कांदा व्हायचा. असा एकपाकळी लसूण ब्लड प्रेशरवर रामबाण, असं बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं. माझ्या वडिलांना साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून राहून प्रेशर जडलं होतं. त्यांनी भीड मोडून दोन गोटे मागितले. आत्यानं बाजारचा लसूण सोलून वाटीत घालून दिला. वडिलांना ते लागलं. घरी येऊन म्हणाले, बाई चांगली, पण हात आखडता. आत्याच्या कानावर ते गेलं असणारच, तिसऱ्या मजल्यावर भिंती पातळ होत्या. ती एवढंच म्हणायची, "बेणं खायचं नसतं."

बेणं म्हणजे पुढच्या वर्षी लावायला राखलेला लसूण. तिच्या दृष्टीनं वेण्यांतला प्रत्येक कांदा बेणं होता.

तिचा हात मोकळा व्हायचा तो एकाच ठिकाणी. बिल्डिंगमध्ये बाळ झालं की बारशाला पाच गोटे काळ्या दोऱ्यात मानेशी बांधून पाळण्याच्या दांडीला लटकवून यायची. बाळाला सर्दी होत नाही, असं तिचं म्हणणं. मी बीएस्सीला होते तेव्हा हे ऐकून हसले होते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्या दिवसांत मला पुष्कळ गोष्टींवर हसू यायचं.

गच्चीचा वाद एकदाच झाला. चौथ्या मजल्यावरचे शाह काका सेक्रेटरी होते. त्यांच्या घरात कांदा-लसूण काही चालत नसे, आणि नेमकी त्यांच्याच छताला ओल आली. त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला. आत्या मीटिंगला आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाह काका गच्चीत गेले तर सगळी खोकी विटांवर चढवलेली, खाली कोरडा स्लॅब, आणि ही झाडू घेऊन उभी. काका म्हणाले, हिराबेन, पाण्याचं ठीक आहे, पण वासाचं काय? ती म्हणाली, "शेठ, तुमच्याइतकंच मीही हे खात नाही. वास काय तो दोघं मिळून सोसू." काका हसत खाली आले. नंतर ती गावाला गेली की खोक्यांना पाणी तेच घालायचे. उपटायला मात्र सांगू नका, म्हणायचे, ते पाप माझ्या हातून नको.

माझा रिझल्ट लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. तिनं विचारलं काय शिकलीस. मी म्हटलं वनस्पतिशास्त्र, म्हणजे झाडांचं. तिनं पेढा अर्धा तोडून उरलेला माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "मग माझ्या लसणाला पाकळी का फुटत नाही ते सांग."

मला सांगता आलं नाही. तीन वर्षं शिकून, फर्स्ट क्लास घेऊनही. ती चिडवायला विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. ते का हवं होतं, हे त्या दिवशी तिनं लसणाची एक वेणी पुन्हा वळता वळता सांगितलं.

वडील वारल्यावर भावानं तिला तालुक्याला बोलावून घेतलं होतं. जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद तयार होता. बहिणी करतात तशी तिनंही सही केली. भावानं साडीचोळी पुढे केली. ती म्हणाली साडी नको, आईचा लसूण दे. आई नेहमी आपलंच बेणं राखायची, आढ्याला टांगायची. त्यातल्या दोन जुड्या घेऊन ही मुंबईला आली. पुढे भावानं सगळ्या रानात टोमॅटो धरला, आईचा लसूण तिकडे संपला. "आता तो गावात कुठंच नाही," आत्या म्हणाली. "आहे तो बोरीवलीत."

आणि बोरीवलीत तो दरवर्षी कमी होत होता. पाकळ्या फुटल्या तर एकाचे सात-आठ होतात. इथं एक लावला की एकच यायचा, त्यात दोन-चार कुजायचे. दोन जुड्यांवरून सुरुवात करून ती मूठमूठ खाली येत चालली होती. मी वेण्या मोजल्या. वरून पाहिलं तर भरगच्च दिसायच्या, पण त्यात अर्धी नुसती सुकी पात होती.

मग मी कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. उत्तर साधं होतं. लसणाला पाकळ्या धरायला आधी थंडी खावी लागते आणि मुंबईत ती मिळत नाही. लावायच्या आधी सहा-आठ आठवडे गारव्यात ठेवला तर फरक पडतो. आत्याचा फ्रिज कधीच बंद पडला होता आणि एकटीला शिळं खायची सवय लागते म्हणून तिनं नवा घेतला नव्हता. पहिल्या वर्षी तिनं भीत भीत दहा गोटे दिले, ते मी आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. मार्चमध्ये तिनं गच्चीवर पहिला कांदा उपटला, माती झटकली आणि माझ्या हातात दिला. बोटांना पाकळ्यांचे उंचवटे लागत होते. सहा होत्या. ती तशीच खोक्याच्या कडेवर टेकली. नंतर खाली येऊन आईला म्हणाली, तुमच्या पोरीच्या शिक्षणाचं चीज झालं हो. पदवीदान समारंभाला मी गेले नव्हते, त्या दिवशी कॉलेजातल्या लॅब असिस्टंटच्या नोकरीची मुलाखत होती. माझं पदवीदान ते गच्चीवरचं.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तिनं सगळंच बेणं माझ्याकडे दिलं. जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवलेली, तोंडाला नाडी. तिनं एकदा विचारलं, सगळं ठेवू का गं, थोडं मागं राखू? मी म्हटलं, आत्या, सगळं ठेव, पुस्तकात आहे. आईनं पिशवी पाहून काय आहे विचारलं. मी म्हटलं, आत्याचा लसूण आहे, राहू दे. का ठेवलाय, कशासाठी, काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मनात आलं होतं, चौथी शिकलेल्या बाईला हे काय समजावत बसू. मी कामावरून दमून यायचे, ते एक कारण आहेच. पण ते दुसरं.

महिन्याभरानं आत्या गच्चीच्या जिन्यावरून घसरली. घोटा मोडला. नर्सिंग होममध्ये ऑपरेशन, प्लेट, दहा दिवस मुक्काम. सुनील बदलापूरहून येऊन जाऊन थकला. डबा आमच्याकडून जायचा. तिथं औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. आठव्या दिवशी आईला म्हणाली, काहीतरी तिखट आणा, लसणीची चटणी असली तर.

मी त्या दिवशी कॉलेजातून थेट नर्सिंग होमला गेले. आई आधीच पोचली होती. स्टुलावर डबा उघडा, भाकरी आणि लालभडक चटणी. शेजारी काचेची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली. आत्यानं भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात घातला होता आणि ती चावत होती. मग चावायची थांबली.

"कुठला लसूण?" तिनं विचारलं.

आई खुशीत होती. "तुमचीच ती, आत्याबाई. फ्रिजमध्ये कोंब इले होते तिका. फुकट जातली म्हणान सगळीच वाटलंय. घरी गेल्यावर पण तुमका पुरात."

मी दारातच उभी होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो घास चावून गिळला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "झकास झालीय," आणि पुढचा तुकडा मोडला. सगळी भाकरी खाल्ली. डब्याला लागलेली चटणीसुद्धा बोटानं पुसून घेतली. आई समाधानानं बघत होती. आठ दिवसांनी बाई पोटभर जेवली होती.

आई डबा धुवायला बाहेर गेली तेव्हा मी काहीतरी बोलायला गेले. काय ते आठवत नाही. आत्यानं माझा हात धरला, तोच वेणी घालणारा घट्ट हात.

"तिला सांगू नको," ती म्हणाली. "कळलं तर ती बाई परत चटणी वाटायची नाही."

मग तोंड भिंतीकडे करून पडली. खांदे तसेच पुढे आलेले होते.

घरी येताना मला पाळणे आठवले. त्या वर्षी आमच्या दादाला मुलगा झाला होता आणि दुसऱ्या मजल्यावर पेडणेकरांकडे मुलगी. दोन्ही पाळण्यांना पाच-पाच गोटे. वहिनीनं आधी हातच लावू दिला नाही. बाळाचं उतरवायचं नसतं, म्हणाली. शेवटी मी बाजारचा लसूण त्याच दोऱ्यात बांधून दिला. पेडणेकरांकडचा एक कुठं गळून पडला होता. नऊ गोटे रुमालात बांधून मी दुसऱ्या दिवशी आत्याच्या चादरीवर ठेवले.

तिनं रुमाल सोडला आणि एकेक गोटा अंगठ्यानं दाबून पाहिला. पोकळ निघाला की बाजूला. मी मनात मोजत होते. सहा बाजूला गेले. तीन घट्ट होते. ते तिनं पुन्हा दाबले, वास घेतला.

"पाळण्याला काय बांधलंस?"

"बाजारचा."

"चालेल. पोरांना काय कळतंय," ती म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसली. नंतर पुन्हा त्या तिघांकडे बघून, "माझ्या आईनं तरी किती राखले असतील सुरुवातीला."

ते तीन गोटे घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी मी आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. थंडी का लागते, आधी कोंब आणि मग पाकळी, सगळं. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे तिका गावच्या थंडीचो भास करून देवचो." पुस्तकाला जे सांगायला दोन पानं लागली होती ते हे. मग ती जरा वेळ ओट्याकडे बघत राहिली. ओट्यावर चटणीची ती बरणी होती. त्यानंतर तिनं भाजीचा कप्पा कधी वापरला नाही. भाजी वरच्या फळीवर कोंबायची, खालचा कप्पा रिकामा.

आत्या घरी आली ती पाय प्लास्टरमध्ये घेऊन. रोज पहाटे तिला खुर्चीसकट गॅलरीत नेऊन बसवायचं काम माझं. ती बाही वर सारून हात बाहेर धरायची. त्या वर्षी काटा फार उशिरा आला. नोव्हेंबर संपत आला होता. तिनं हात माझ्यापुढे केला, "बघ." सुरकुत्यांत मला तर काही दिसलं नाही. तरी मी हो म्हटलं. रंगाच्या एका बादलीत तीन गोटे मी लावले, ती खुर्चीतून बोट दाखवत होती, टोक वर, एवढं खोल नको, एवढं दाबू नको.

तोवर बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळ्यांनी निघायचं. सुनील म्हणाला, आई आता जिने चढू शकत नाही, माझ्याकडेच येईल. बिल्डिंगमध्ये महिनाभर तेच चालू होतं, भाडं किती मिळणार, टॉवर कधी होणार, कोण कुठे जाणार. आत्यानं सुनीलला एकच प्रश्न विचारला, तिकडं थंडी किती असते. तो म्हणाला, बोरीवलीपेक्षा बरीच. मग ती सामान बांधायला लागली. लसूण काढायला अजून महिना होता, म्हणून बादली तशीच न्यायची ठरली.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "एकाला सात, एकाला पाच, एक गोलच," एवढं सांगून ती माझ्या बोलण्याची वाट बघत राहिली. मग म्हणाली, तुझ्या आईला सांग, पुढच्या वर्षी चटणीपुरता पाठवते. मी आईला निरोप दिला. आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नको म्हणान सांग. वाढांदे आधी."

बदलापूरला जायचं जायचं म्हणत मी तीन वर्षं काढली. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात दोनदा सामान हलवलं, मग आईचं आजारपण सुरू झालं, रविवारी उठवेनासं व्हायचं. आत्या गेल्याचा सुनीलचा मेसेज मी कॉलेजात, लॅबमध्ये मुलांचं प्रॅक्टिकल चालू असताना वाचला, तोही दुसऱ्या दिवशी. भेटायला गेले तेव्हा त्याच्या गॅलरीत दांडीला दोन वेण्या होत्या. सुनीलच्या मुलीनं घातल्या असाव्यात, सैल होत्या. मी मोजल्या नाहीत.

तिला मी शेवटचं पाहिलं ते बिल्डिंगच्या फाटकाशी. सकाळचे साडेसहा वाजले असतील. टेम्पोत मागे कपाट, पोळपाट, गाद्या. आत्या पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, पायांत ती बादली धरून. पात वीतभर वर आली होती आणि तिच्या गुडघ्यांना लागत होती. आई फाटकाशी पदरानं डोळे पुसत उभी होती. शाह काका मफलर गुंडाळून खाली आले होते. टेम्पो निघाला, वळणाशी पोचला, आणि खिडकीतून आत्याचा हात बाहेर आला. आम्ही तिघांनी हात हलवले. तिचा हात हलला नाही. सरळ बाहेर धरलेला होता, बाही कोपरापर्यंत वर सारलेली, आणि मान वाकवून ती आपल्याच हाताकडे बघत होती.